पट्टीवरचा डाग

भोरच्या बाजारपेठेत, राजवाड्यापासून चालत पाच मिनिटांच्या अंतरावर, एक जुने कापडाचे दुकान आहे. खाली दुकान, वर घर. पेठेतील लहानथोर सर्वजण त्या घरातील गृहिणीला काकी म्हणतात. वय सदुसष्ट. तीन पिढ्यांची जेवणे, सणवार, पाहुणे आणि उपाश्रयातील साधु-साध्वींची गोचरी हे सारे चाळीस वर्षे दगडी जिन्यावरून वरखाली करत त्यांनी सांभाळले. त्या जिन्यानेच त्यांचे गुडघे झिजवले, असे घरात गमतीने म्हटले जाई. साठीनंतर गंमत उरली नाही. सामायिकाला जमिनीवर बसणे बंद झाले, वंदना करताना गुडघे टेकणे बंद झाले आणि अखेर एका मार्गशीर्षात पुण्यातील एका रुग्णालयात उजव्या गुडघ्याचा सांधा बदलण्यात आला.

आज या शस्त्रक्रियेचे कोणाला नवल वाटत नाही. सन २००० च्या ऑक्टोबरमध्ये तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्यावर मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात अशी शस्त्रक्रिया झाली आणि २००१ च्या जूनमध्ये उजव्या गुडघ्यावर. तेव्हापासून हा विषय घरोघरी पोहोचला. पुढे ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमचा नेहमीचा सांधा, जो पूर्वी दीड लाखाच्या पुढे जात असे, तो करांव्यतिरिक्त ५४,७२० रुपयांवर आला. मध्यमवर्गीय कुटुंबांनी मनावर घेतले ते त्यानंतर. काकींच्या घरानेही तसेच केले. विम्याची पाच लाखांची पॉलिसी होती, मुलगा हाताशी होता, लग्नसराईला अजून अवकाश होता.

सहाव्या दिवशी काकी भोरला परतल्या. वॉकर धरून चालू लागल्या. पाहुण्यांनी कौतुक केले. मात्र पट्टीच्या खालच्या टोकाला दररोज एक पिवळसर डाग उमटत असे. रुपयाएवढा, कधी त्याहून लहान. काकी त्यावर कापसाची घडी ठेवीत आणि वरून स्वच्छ फडके बांधीत. कपडे धुताना सून ती फडकी पाहत असे. तिने एकदा विचारले, ‘‘आई, पाणी येतं का हो जखमेतून?’’ काकी म्हणाल्या, ‘‘नवीन जखम आहे, थोडं येणारच.’’ दोन आठवड्यांत डाग उमटायचा थांबला. टाके काढले गेले. पुण्याच्या डॉक्टरांनी ‘‘काही त्रास?’’ असे विचारले तेव्हा काकींनी मान हलवली, ‘‘काही नाही.’’ सून शेजारीच उभी होती. सासूने नाही म्हटल्यावर आपण हो कसे म्हणावे, हा प्रश्न तिच्या ओठांपर्यंत आला आणि तिथेच थांबला.

सांधा बदललेल्या शंभर रुग्णांपैकी साधारण एक ते दोन जणांच्या सांध्यात पुढे जंतुसंसर्ग होतो. संख्या लहान आहे, परंतु ज्याच्या वाट्याला ते येते त्याच्या दृष्टीने ती शंभर टक्के असते. मधुमेह असल्यास धोका वाढतो आणि काकींना बारा वर्षांपासून मधुमेह होता. जखम आठवड्याभरात कोरडी न होणे ही शल्यचिकित्सकाला तातडीने कळवायची गोष्ट आहे. काकींच्या घरात हे कोणाला ठाऊक नव्हते असे नाही. रुग्णालयातून मिळालेल्या कागदावर ते छापलेले होते. तो कागद देवघराच्या फडताळात, विम्याच्या पावत्यांबरोबर, नीट घडी करून ठेवलेला होता.

फेब्रुवारीत गुडघा गरम लागू लागला. लग्नसराईचे दिवस, दुकानात उभे राहायला जागा नाही. मुलाने ओळखीच्या औषधविक्रेत्याकडून प्रतिजैविकाच्या पाच दिवसांच्या गोळ्या आणल्या. ठणका उतरला. गोळ्या संपल्या, महिन्याभराने ठणका परतला. पुन्हा गोळ्या आणल्या. असे तीनदा झाले. चातुर्मास लागला, भोरवर पाऊस कोसळू लागला आणि काकी रात्री झोपेनाशा झाल्या. श्रावणात जुन्या व्रणाच्या कडेला एक बारीक छिद्र पडले व त्यातून पुन्हा तोच पिवळसर द्रव येऊ लागला. काकींनी पुन्हा कापसाची घडी ठेवली.

कृत्रिम सांध्यातील संसर्ग गोळ्यांना का दाद देत नाही, हे समजून घेण्यासाठी भोरकरांना दूर जाण्याची गरज नाही. आषाढात वाड्याच्या दगडी पायऱ्यांवर शेवाळ धरते. पहिल्या आठवड्यात ते खराट्याने निघते. भाद्रपदापर्यंत ते दगडाच्या रंध्रांत शिरते, मग नुसते पाणी ओतून काही होत नाही. धातूवर बसलेले जिवाणूही असाच एक चिकट थर विणतात आणि त्याच्या आड राहतात. हाडामांसातून रक्त वाहते, धातूतून वाहत नाही. त्यामुळे शरीराच्या रक्षक पेशी व औषध त्या थराच्या आत पुरेशा प्रमाणात पोहोचत नाहीत. गोळ्यांनी थराबाहेर तरंगणारे जिवाणू मरतात, ठणका उतरतो, रुग्णाला बरे वाटते. आतला थर मात्र जागेवरच राहतो. शिवाय अशा अर्धवट गोळ्यांमुळे पुढे तपासणीत जंतू सापडणे अवघड होते, ही दुसरी हानी.

त्या वर्षी संवत्सरीच्या दिवशी प्रतिक्रमणाला काकी खुर्चीवर बसल्या होत्या. घरी आल्यावर रिवाजाप्रमाणे लहानांनी मोठ्यांची व मोठ्यांनी लहानांची क्षमा मागितली. सून पाया पडण्यासाठी वाकली तेव्हा काकींनी तिचा हात धरला आणि म्हणाल्या, ‘‘मिच्छामि दुक्कडम्. तुझ्याशी मी खोटं बोलले. जखम पहिल्यापासून गळत होती. आताही गळतेय.’’ सुनेच्या डोळ्यांत पाणी आले. ती म्हणाली, ‘‘आई, मला माहीत होतं. मीही बोलले नाही. मिच्छामि दुक्कडम्.’’

काका दाराशी उभे राहून ऐकत होते. रोजमेळात चार आण्यांचा फरक निघाला तरी तो सापडेपर्यंत दिवा न मालवणारा हा माणूस. घरातल्या माणसाच्या पट्टीवरचा डाग मात्र नऊ महिने कोणीच हिशेबात धरला नव्हता. काकींनी तो लपवला, सुनेने पाहून न पाहिल्यासारखे केले, मुलाने गोळ्यांनी झाकला आणि काकांनी विचारलेच नाही. यात कोणाचाही हेतू वाईट नव्हता. प्रत्येकाला दुसऱ्याला त्रास द्यायचा नव्हता, एवढेच. दुसऱ्या दिवशी सकाळी मोटार कापूरहोळमार्गे पुण्याकडे निघाली.

पुण्यात एका अनुभवी शल्यचिकित्सकाने आधी सगळ्या गोळ्या बंद केल्या. प्रतिजैविक थांबवून दोन आठवडे गेल्यावर सुईने सांध्यातील पाणी काढून तपासायचे, असा क्रम त्यांनी सांगितला. रक्तातील दाह दाखवणाऱ्या ईएसआर व सीआरपी या दोन्ही तपासण्यांचे आकडे चढलेले होते. सांध्याच्या पाण्यात पांढऱ्या पेशी भरपूर निघाल्या. जंतूंची वाढ तपासण्यासाठी नमुना चौदा दिवस ठेवला गेला, कारण काही जंतू फार सावकाश वाढतात. अखेर नाव कळले. एरवी प्रत्येकाच्या त्वचेवर निरुपद्रवीपणे राहणाऱ्या स्टॅफिलोकॉकस कुळातीलच एक जिवाणू होता.

डॉक्टरांनी वहीच्या पानावर गुडघ्याचे चित्र काढले. ‘‘पहिल्या काही आठवड्यांत आला असतात तर गुडघा उघडून आतला दूषित भाग काढला असता, सलाइनने धुतला असता, दोन धातूंच्या मधली प्लास्टिकची चकती बदलली असती आणि धातू वाचवण्याचा प्रयत्न केला असता. आता छिद्र पडले आहे, नऊ महिने उलटले आहेत. आता सांधा काढावाच लागेल.’’

या उपचारामागेही एक इतिहास आहे आणि त्याचा एक धागा भारतापर्यंत येतो. सन १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरी या संस्थेत जॉन इन्सॉल, चित्तरंजन राणावत व पीटर वॉकर यांच्या चमूने ‘टोटल कंडायलर’ हा गुडघ्याचा सांधा वापरात आणला. आजचे बहुतेक सांधे त्याच्याच वंशातले. यांतील डॉ. राणावत मूळचे भारतीय आणि वाजपेयींच्या दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रिया करणारे शल्यचिकित्सकही तेच. सांधा बसवणे साधले तसा तो बिघडल्यास काय करावे, हा प्रश्नही त्या लोकांपुढे उभा राहिला. इन्सॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये अकरा गुडघ्यांचा अनुभव प्रसिद्ध केला. दूषित सांधा पूर्णपणे काढायचा, सहा आठवडे शिरेतून प्रतिजैविके द्यायची आणि जागा निर्जंतुक झाल्यावर नवा सांधा बसवायचा. हीच दोन टप्प्यांची पद्धत.

त्याआधीच जर्मनीतील हॅम्बुर्गमध्ये हान्स-विल्हेल्म बुखहोल्झ यांनी सांधा चिकटवण्याच्या हाडाच्या सिमेंटमध्ये जेंटामायसिन मिसळले होते. ते सिमेंट घट्ट होताना तापते, म्हणून त्या उष्णतेत टिकणारीच औषधे त्यात चालतात. तिथे जुना सांधा काढून त्याच बैठकीत नवा बसवण्याची पद्धत रूढ झाली. निवडक रुग्णांत ती आजही वापरली जाते. हॅम्बुर्गची कल्पना न्यूयॉर्कच्या क्रमाशी जोडली गेली, तेव्हा दोन टप्प्यांच्या मधल्या काळात रिकाम्या जागेत औषधयुक्त सिमेंटचा तात्पुरता सांधा ठेवण्याची रीत आली. त्याला स्पेसर म्हणतात. तो जागा धरून ठेवतो आणि आतून औषधही सोडत राहतो.

काकींची पहिली शस्त्रक्रिया दिवाळीच्या आधी झाली. धातूचे दोन्ही भाग, जुने सिमेंट, दूषित ऊतक असे सर्व काढले गेले. निरनिराळ्या ठिकाणचे पाच नमुने तपासणीला गेले. स्पेसर बसवला गेला. दंडाच्या शिरेतून एक बारीक लांब नळी घातली आणि तीतून दर बारा तासांनी व्हँकोमायसिन सुरू झाले. काकी चौविहार पाळणाऱ्या. रात्रीच्या औषधाचे काय, ही त्यांची पहिली चिंता. औषध शिरेतून जाते, तोंडावाटे काहीच घ्यायचे नाही, हे कळल्यावर त्या निश्चिंत झाल्या. मूत्रपिंडांची तपासणी दर आठवड्याला आणि साखरेची रोज. दोन आठवडे पुण्यात लेकीकडे राहून त्या भोरला आल्या. गावातील एक परिचारिका सकाळ-संध्याकाळ येऊन औषध लावून जाई.

दिवाळी त्यांनी खाटेवरून पाहिली. पाय पट्ट्याने सरळ बांधलेला. उठायचे तर वॉकर व दोन माणसे. दगडी जिना तर डोंगरासारखा. खर्चाचे आकडे काका मोठ्याने बोलत नसत, पण काकी ते ओळखत. विम्याची मर्यादा पहिल्या टप्प्यातच संपत आली होती. पुन्हा बसवायच्या विशेष सांध्याची कमाल किंमत २०१७ च्या त्या आदेशात १,१३,९५० रुपये होती, म्हणजे साध्या सांध्याच्या दुपटीहून अधिक. शस्त्रक्रिया, औषधे, खोली हे सगळे वेगळे. एका संध्याकाळी त्या म्हणाल्या, ‘‘आता दुसरं ऑपरेशन नको. आहे हे असंच राहू द्या. किती दिवस राहिलेत?’’ स्पेसर कायमचा नसतो, काही महिन्यांत तो झिजतो, हाडही खाऊ लागतो, हे मुलाने समजावले. काकी गप्प राहिल्या.

त्या मार्गशीर्षात दुकानात वेल्ह्याची एक मावशी आली. तोरण्याच्या पायथ्याच्या गावात तिचे सासर. माहेर भाटघर धरणाकडचे, म्हणून लग्नाच्या लुगड्यापासून तिची सारी खरेदी या दुकानात झालेली. उधारी आवणीच्या हंगामात वाढायची आणि भात झोडपले की फिटायची. ती काठी टेकत, पण ताठ चालत आली. काकींची चौकशी करत वर चढली.

‘‘तुझाही गुडघा?’’ काकींनी विचारले.

‘‘व्हय काकी, शिमग्याच्या आधी केला. पुन्यात, धर्मादायच्या खाटंवर.’’ मोठ्या धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखून ठेवायच्या, अशी योजना महाराष्ट्रात २००६ पासून उच्च न्यायालयाच्या आदेशाने चालू आहे. मावशीच्या लेकीने सारी कागदपत्रे जमवून ती खाट मिळवली होती. लेक गावातच आशा सेविका आहे.

‘‘मग बरा झाला?’’

‘‘कुठला! घरी येऊन अठरा दिस झाले आन् रातच्याला ताप भरला. गुडघा लालबुंद. मी म्हनलं, ऱ्हाऊ दे, दोन दिस बघू. लेक म्हनली, बघायचं न्हाई, जायाचं. गोळीबी दिली न्हाई. फोन लावला, पहाटं जीप बोलावली. तिसऱ्या दिशी पुन्हा उघडला, धुतला, आतली चकती बदलली. लोखंड तेच ऱ्हायलं बगा.’’

नंतर तिला काही महिने गोळ्या होत्या. त्यांत रिफाम्पिसिन होते. लघवी केशरी झाली तेव्हा ती घाबरली आणि गावात कोणी म्हणाले की ही तर टीबीची गोळी. लेकीने समजावले की हेच औषध दुसऱ्या औषधाच्या जोडीने धातूवरच्या जंतूंवरही चालते. भातलावणीला तिने चिखलात पाय घातला नाही. बांधावर बसून तिने बायकांना चहा दिला. तिच्या लेखी हीच मोठी शिक्षा होती.

मावशी गेल्यावर काकी बराच वेळ खिडकीतून पाहत राहिल्या. राजगड असे नाव आता मिळालेल्या त्या तालुक्यात पावसाळ्यात रस्ता बंद पडला तर रुग्णाला झोळीत घालून आणावे लागते, अशा वाड्या आहेत. तिथली एक बाई तीन दिवसांत शस्त्रक्रियेच्या टेबलावर पोहोचली. भोरच्या पेठेतल्या, दारात मोटार असलेल्या घराला नऊ महिने लागले. पैसा, शिक्षण, विमा सारे इकडे जास्त होते. तिकडे फक्त एक जास्त होते. आईने ‘राहू दे’ म्हटले तरी न राहणारी लेक.

दुसऱ्या दिवशी पहाटे काकींनी स्वतःहून सुनेला हाक मारली. ‘‘अगं, रात्रीपासून अंग कोमट लागतंय. दंडाशी नळीपाशी दुखतंय. बघ जरा.’’ एवढे वाक्य त्या घरात नऊ महिने कोणी उच्चारले नव्हते. सुनेने थर्मामीटर लावला, दंडाचा फोटो काढून डॉक्टरांना पाठवला. शिरेला सूज आली होती. दुपारपर्यंत पुण्यात नळी बदलून झाली. गुडघ्याला त्याची झळ पोहोचली नाही.

परतताना खेड-शिवापूरच्या आसपास काकी म्हणाल्या, ‘‘दुसरं ऑपरेशन करायचं. माझी एक फिक्स्ड डिपॉझिट आहे, ती मोडा. माझ्याच नावावर आहे ना?’’ काकांनी मान डोलावली. त्यांनी ती पावती आधीच बाहेर काढून ठेवली होती, हे त्यांनी सांगितले नाही.

प्रतिजैविके थांबवून काही दिवस वाट पाहण्यात आली. रक्तातील आकडे उतरले होते, जखम कोरडी होती. पौषात नवा सांधा बसला, या वेळी हाडाच्या आत खोलवर जाणाऱ्या दांड्यांसह, कारण दोनदा कोरल्यावर हाड पूर्वीसारखे राहत नाही. या पद्धतीने सामान्यतः दहांपैकी आठ-नऊ जणांचा संसर्ग जातो असे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते आणि उरलेल्या एक-दोघांचे काय होते, तेही. कोणाला पुन्हा शस्त्रक्रिया लागते, कोणाचा गुडघा कायमचा सरळ जोडावा लागतो, क्वचित पायही गमवावा लागतो. काकींनी ते सारे ऐकून घेतले होते. सही मात्र स्वतः केली.

आज काकींचा गुडघा काटकोनापर्यंत वाकतो, त्यापुढे नाही. जिना एकेक पायरी थांबून चढता येतो. वंदना खुर्चीवरूनच होते. पहिल्याच वेळी डाग दाखवला असता तर कदाचित अधिक वाकला असता. हे त्या स्वतःच सांगतात, कोणावर रोख न ठेवता. आपल्याकडे दुःख मुकाट्याने सोसणाऱ्या माणसाचे कौतुक होते. पण धर्माने आलोचनाही शिकवली आहे. जे घडले ते न लपवता, जाणत्यापुढे, वेळेवर सांगायचे. सोसणे ही तपश्चर्या असेल, पण लपवणे ही तपश्चर्या नव्हे. शरीराच्या बाबतीत हा भेद सांभाळणे काकींना महागात पडल्यावर उमगले.

आता भोरमध्ये, नसरापुरात, अगदी वेल्ह्यातही कोणाचा सांधा बदलला की काकींचा फोन जातो. दात किडला असेल तर आधी दाखवा, साखर आटोक्यात आणा, हे त्या शस्त्रक्रियेआधीच सांगून ठेवतात. शस्त्रक्रियेनंतर प्रकृती कशी, झोप लागते का, जेवण जाते का, हे प्रश्न त्या पुढे ढकलतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘‘पट्टी कोरडी आहे का?’’ आणि उत्तर रुग्णाकडून ऐकून त्यांचे समाधान होत नाही. त्या म्हणतात, ‘‘फोन जरा सुनेकडे दे.’’